कप्प्यांना झाकण नव्हते : ‘बल्कहेड डेक’ या संज्ञेविषयी

टायटॅनिक जहाजाची हकीकत मराठीत पुष्कळदा सांगितली गेली आहे. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत, बालवाचनाच्या पुस्तकांत, विज्ञानातल्या नवलकथा सांगणाऱ्या सदरांत ती येते. १९९७ च्या चित्रपटानंतर तर ती शाळेच्या स्नेहसंमेलनातही पोचली. या हकिकतीतला विज्ञानाचा भाग मात्र बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातून काढलेला असतो. जहाजात सोळा जलरोधक कप्पे होते. पुढचे चार कप्पे पाण्याने भरले तरी जहाज तरंगले असते. हिमनगाने पाच फोडले. सबब जहाज बुडाले. वाचणाऱ्याचे समाधान होते, विद्यार्थी उत्तर पाठ करतो आणि आपण गुण देतो.

या साच्यातले एकही विधान खोटे नाही. तरीही ते स्पष्टीकरण नव्हे. चार भरले तर तरंगते आणि पाच भरले तर बुडते, असे का? सोळातले पाच म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. उरलेले अकरा कप्पे कोरडे, त्यांच्या भिंती शाबूत, दारे बंद. मग पाणी त्या अकरांत शिरले कुठून? एखाद्या चौकस मुलीने हा प्रश्न विचारलाच, तर या लेखांत त्याचे उत्तर सापडत नाही. उत्तर ज्या शब्दात आहे तो शब्द मराठीत येता येता वाटेतच गळून पडलेला असतो. तो शब्द म्हणजे ‘बल्कहेड डेक’.

जहाजाच्या पोटात एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत ज्या पोलादी भिंती उभ्या केलेल्या असतात त्यांना बल्कहेड म्हणतात. आपण त्यांना ‘आडभिंती’ म्हणू. या भिंती तळापासून वर येतात. पण कुठवर? ज्या सर्वांत वरच्या डेकपर्यंत त्या पाण्याला अटकाव करतील अशा बेताने नेलेल्या असतात, त्या डेकला बल्कहेड डेक म्हणायचे. म्हणजे हे एखाद्या डेकचे नाव नाही, ते पद आहे. वर्गातला मॉनिटर जसा कोणत्याही आडनावाचा असू शकतो, तसे एका जहाजात हे पद सी डेककडे असेल, दुसऱ्यात ई डेककडे. टायटॅनिकमध्ये मधल्या आडभिंती ई डेकपाशी संपत होत्या. नाळेकडच्या आणि मागच्या बाजूच्या काही भिंती त्याहून वर जात होत्या. ई डेकपर्यंतची ही उंची पाण्याच्या रेषेपासून मोजली तर साधारण ११ फूट, म्हणजे ३.४ मीटर भरते. २६९ मीटर लांबीच्या जहाजाला ३.४ मीटर! सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे.

आता ‘जलरोधक कप्पा’ हा शब्द पुन्हा वाचून पाहावा. मराठी माणसाला कप्पा म्हटले की कपाटाचा, मिसळणाच्या डब्याचा किंवा कंपासपेटीचा कप्पा आठवतो, आणि त्याला वरून झाकण किंवा फळी असते असे तो गृहीतच धरतो. जलरोधक म्हटल्यावर तर सहाही बाजूंनी बंद. प्रत्यक्षात या कप्प्यांना पाच बाजू होत्या : तळ, दोन कुशी आणि दोन आडभिंती. वरची सहावी बाजू म्हणजे डेक, आणि तो जलरोधक नव्हता. त्याला जिने होते, माल उतरवण्याची तोंडे होती, वायुवीजनाच्या वाटा होत्या. शिवाय ई डेकच्या डाव्या बाजूने जहाजाच्या बऱ्याच लांबीभर एक रुंद बोळ जात होता. खलाशी त्याला गमतीने ‘स्कॉटलंड रोड’ म्हणत. म्हणजे कप्प्यांच्या माथ्यावरूनच हमरस्ता! भिंती जलरोधक होत्या, कप्पे नव्हते. हा फरक ‘जलरोधक कप्पा’ या शब्दजोडीत बुडून जातो. परिभाषेतला ‘जलाभेद्य कक्ष’ घेतला तर तो अधिकच बुडतो, कारण ‘कक्ष’ म्हटल्यावर छप्पर आलेच.

यापुढचा दोष अधिक खोलातला आहे, आणि त्याचे मूळ एका लोकप्रिय प्रयोगात आहे. बर्फाचे खण पाडलेला ट्रे घ्यायचा, एका टोकाच्या खणात वरून पाणी ओतायचे, तो भरला की पाणी शेजारच्या खणात सांडते, तो भरला की त्यापुढच्यात. टायटॅनिकचे असेच झाले, असे सांगायचे. प्रयोग सोपा आणि दिसायला छान आहे. पण तो चुकीची गोष्ट शिकवतो. ट्रेमध्ये पाणी वरून येते, म्हणून आपण ओतू तितके ते चढते. जहाजात पाणी खालच्या भोकातून आले. भोकातून आत येणारे पाणी बाहेरच्या समुद्राच्या पातळीपेक्षा वर चढूच शकत नाही. पातळी सारखी झाली की ते थांबते. आडभिंतीचा माथा समुद्राच्या पातळीपेक्षा ३.४ मीटर वर असेल, तर आतले पाणी कितीही वेळ वाट पाहिली तरी त्या माथ्यापर्यंत पोचणार नाही. जहाज सपाट राहिले असते तर पाणी सांडण्याचा प्रश्नच नव्हता.

पण जहाज सपाट राहिले नाही. पाणी भरले ते सगळे नाळेकडच्या टोकाला. हिमनगाने पहिले पाच कप्पे उघडले आणि सहाव्यालाही थोडी इजा केली. पुढचे टोक जड झाले, ते खाली गेले, मागचे वर आले. तिथे आडभिंतींचे माथे समुद्राच्या पातळीखाली उतरले. पाणी भिंतीवर चढले नाही, भिंत पाण्याखाली गेली. मग बाहेरच्या पातळीशी बरोबरी साधण्यासाठी आतले पाणी भिंतीच्या माथ्यावरून पुढच्या कप्प्यात गेले, त्यामुळे नाळ आणखी खाली, पुढची भिंत पाण्याखाली, आणि पुन्हा तेच. एकदा हे चक्र सुरू झाल्यावर कोरड्या अकरा कप्प्यांचा उपयोग फक्त वेळ मिळण्यापुरता उरतो. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टक्कर झाली आणि २ वाजून २० मिनिटांनी जहाज दिसेनासे झाले, म्हणजे हा वेळ २ तास ४० मिनिटांचा होता.

किती कलले म्हणजे भिंती संपतात याचा स्थूल हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल. जहाज मध्यबिंदूभोवती कलते असे धरू. मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर सुमारे १३४ मीटर, पाण्यावरची उंची ३.४ मीटर. ३.४ ला १३४ ने भागले की कोनाची स्पर्शज्या मिळते, ०.०२५. तक्त्यात पाहिले तर कोन दीड अंशाच्याही आत येतो. हा हिशेब ढोबळ आहे : प्रत्यक्षात डेक नाळेकडे थोडा उंचावत जातो, नाळेकडच्या भिंती अधिक उंच होत्या, आणि पाणी भरलेले जहाज नुसते कलत नाही, सबंध खालीही बसते. पण अंदाज येण्यास तो पुरे. ३० सेंटिमीटरची पट्टी टेबलावर ठेवून तिचे एक टोक पाऊण सेंटिमीटर उचलावे. इतका कल डोळ्यांना जेमतेम जाणवतो. वरच्या दिवाणखान्यात बसलेल्या प्रवाशांना सुरुवातीला काहीच विशेष वाटले नाही यात नवल ते काय?

आता चार आणि पाच या आकड्यांचे कोडे सुटते. पुढचे चार कप्पे भरले असता नाळ जितकी खाली जाते, तितके होऊनही पाचव्या कप्प्यापलीकडच्या भिंतींचे माथे पाण्यावर राहतात. पाचवा भरला की राहत नाहीत. म्हणजे ‘चार’ ही संख्या बल्कहेड डेकच्या उंचीवरून आलेली आहे. हाच डेक खाली असता तर चाराचे तीन झाले असते; वर असता तर कदाचित पाचही चालले असते. मूळ कारण सोडून त्यातून निघालेला आकडा मुलांना पाठ करायला देणे म्हणजे क्षेत्रफळाचे सूत्र न सांगता उत्तर लिहून देण्यासारखे आहे.

ट्रेचा प्रयोग टाकून द्यावा असे मात्र नाही, तो दुरुस्त करावा. ट्रे पसरट टबात तरंगत ठेवावा आणि वरून पाणी न ओतता पुढच्या दोन-तीन खणांच्या तळाला तापल्या सुईने भोके पाडावीत. प्लास्टिक हलके असल्याने ट्रे एरवी पूर्ण भरूनही बुडत नाही. म्हणून सगळ्या खणांत सारखे खिळे किंवा नटबोल्ट टाकून तो निम्म्याहून अधिक पाण्यात बसेल असे करावे. मग टोक खाली जाऊन पाणी खणाखणाने पुढे सरकताना दिसते. दुसऱ्यांदा तोच प्रयोग सगळ्या खणांवर घट्ट चिकटपट्टी लावून करावा. दुसऱ्या वेळी काय होते ते वर्गानेच पाहावे.

भाषेकडे वळू. ‘डेक’ला मराठीत सर्रास ‘मजला’ म्हटले जाते. इमारतीच्या उपमेने नवख्या वाचकाला चटकन बोध होतो हे खरे. पण मजले आपण खालून वर मोजतो आणि या जहाजाचे डेक वरून खाली मोजलेले आहेत. सर्वांत वर बोट डेक, त्याखाली ए, मग बी, सी, डी, ई, एफ, जी आणि त्याखाली ऑर्लॉप. ‘ई डेक’चे भाषांतर ‘पाचवा मजला’ असे केले की वाचकाच्या डोळ्यांपुढे पाच मजली उंची उभी राहते, आणि पाणी एवढ्या उंच चढले म्हणून तो थक्क होतो. ज्या डेकविषयी सगळी तक्रारच ‘हा फार खाली आहे’ अशी आहे, त्याला भाषांतर गच्चीजवळ नेऊन ठेवते.

शिवाय मजला म्हणजे आपल्या दृष्टीने पायाखालची जमीन. ‘डेक’ हा शब्द इंग्रजीत डचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ छप्पर, आच्छादन असा होता. जर्मन भाषेत त्याचाच भाऊबंद छताला आणि पांघरुणालाही चालतो. जहाजावरचा पहिला डेक चालण्यासाठी नव्हता, खालच्या मालावर आणि माणसांवर पाणी येऊ नये म्हणून घातलेले ते झाकण होते. त्यावरून चालता येऊ लागले ही पुढची सोय. भाषाशास्त्रज्ञ हे सगळे शब्द ज्या प्राचीन धातूकडे नेतात, त्याच कुळात आपला संस्कृत ‘स्थग्’, म्हणजे झाकणे, हा धातू येतो. ‘स्थगित’ त्याचाच, आणि लपवाछपवी करणारा ‘ठग’ही त्याचाच. टायटॅनिकच्या ई डेकला यातले कोणते नाते अधिक शोभते ते वाचकांनी ठरवावे.

आपल्या खलाशांच्या जुन्या बोलीत डेकला ‘तूतक’ म्हणत. शब्द सुटसुटीत आहे, पण आज तो वापरला तर प्रत्येक वेळी टीप द्यावी लागेल. मुंबई-गोवा बोटी चालू होत्या तोवर कोकणातल्या माणसाला डेक म्हणजे तिकिटाचा वर्ग होता : लोअर डेक आणि अप्पर डेक. तेव्हा डेक हा शब्द मराठीच आहे असे समजून चालावे, आणि ‘मजला’ सोडावा. बल्कहेडला ‘आडभिंत’ चालेल. बल्कहेड डेक पहिल्यांदा येईल तिथे ‘आडभिंती जिथवर पोचतात तो डेक’ असे सरळ म्हणावे, मग मूळ संज्ञा द्यावी. त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवण्याची गरज मला दिसत नाही.

डेकांची नावे फसवी असतात ही गोष्ट काही टायटॅनिकपुरती नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारच्या सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडली गेली; ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहायला मिळते. या जातीच्या फ्रिगेटमध्ये ज्या डेकला रूढीने ‘गन डेक’ म्हणत त्यावर तोफाच नसत, त्या वरच्या डेकवर असत. गन डेकवर खलाशी झोपत. तोफांचे ठिकाण बदलले, नाव मात्र राहिले. हे एक कौतुक म्हणून ठीक आहे. तिथे नाव समजले नाही म्हणून कोणी बुडाले नाही.

इंग्रजी लेखकांनी बल्कहेड डेकचा मुद्दा कसा हाताळला? वॉल्टर लॉर्ड यांच्या १९५५ च्या ‘अ नाइट टु रिमेंबर’ या पुस्तकात जहाजाचे रचनाकार टॉमस अँड्र्यूज कप्तानाला परिस्थिती समजावून सांगतात तो प्रसंग आहे. पाचव्या आणि सहाव्या कप्प्यांमधली भिंत ई डेकपर्यंतच जाते, आणि नाळ खाली गेल्यावर पाणी तिच्यावरून जाणार, हे लॉर्ड मोजक्या शब्दांत आणि बिनचूक सांगतात. जेम्स कॅमेरॉन यांच्या चित्रपटातही या प्रसंगात ई डेकचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रेमकथेच्या गर्दीत या संवादाला जागा दिल्याबद्दल दिग्दर्शकाला श्रेय द्यायला हवे. आपल्याकडच्या हकिकती याच प्रसंगावरून लिहिल्या जातात, पण त्यांत ‘ई डेक’ हा तांत्रिक तपशील म्हणून गाळला जातो आणि ‘पाणी एकातून दुसऱ्यात सांडले’ एवढे उरते. नाळ खाली गेली हे कारणही त्याबरोबर जाते. लेख सोपा करायचा म्हणजे काय गाळायचे याचा निर्णय इथे अगदी उलटा झाला आहे. कप्तानाच्या दाढीचे वर्णन गाळले असते तरी चालले असते.

भिंती आणखी वर का नेल्या नाहीत? टायटॅनिकच्या डी डेकवर पहिल्या वर्गाची भोजनशाला होती, ११४ फूट लांब आणि जहाजाच्या पूर्ण रुंदीची. तिच्या मधून पोलादी भिंत कोण जाऊ देईल? बल्कहेड डेकच्या खाली सुरक्षिततेचे राज्य आणि वर सोयीचे राज्य अशी ती सीमारेषा होती. त्या काळच्या नियमांत ही योजना बसत होती. किंबहुना कोणतेही लगतचे दोन कप्पे भरले तरी तरंगेल असे हे जहाज त्या मानाने चांगलेच होते. १९११ मध्ये ‘द शिपबिल्डर’ या व्यावसायिक मासिकाने त्याला ‘व्यवहारतः न बुडणारे’ ठरवले होते. यातले ‘व्यवहारतः’ पुढे लोकांनी गाळले, तेही बहुधा सोपे करण्यासाठीच.

सुमारे १,५०० माणसे गेली. लॉर्ड मर्झी यांच्या चौकशी अहवालात, जुलै १९१२ मध्ये, जहाजाला दुहेरी कवच किंवा उभ्या लांब भिंती देण्याबरोबरच पाण्याच्या रेषेवर योग्य उंचीवर एखादा डेकच जलरोधक करता येईल का, याचा विचार व्हावा अशी शिफारस आहे. म्हणजे झाकणाची गोष्ट तेव्हाच निघाली होती. ‘ऑलिंपिक’ या थोरल्या बहिणीच्या काही आडभिंती मग बी डेकपर्यंत चढवल्या गेल्या, धाकट्या ‘ब्रिटानिक’च्याही. ब्रिटानिक २१ नोव्हेंबर १९१६ रोजी एजियन समुद्रात सुरुंगाने फुटून ५५ मिनिटांत बुडाली, टायटॅनिकपेक्षाही लवकर. भिंती उंच होत्या, पण खालच्या डेकांच्या गोल खिडक्या हवेसाठी उघड्या होत्या. जहाज कलताच त्या पाण्याखाली गेल्या.

समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये झाला. महायुद्धामुळे तो अमलात आला नाही, पण १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत बल्कहेड डेकची व्याख्या आहे, आणि तिच्याबरोबर ‘मार्जिन लाइन’ नावाची एक कल्पित रेषा : कुशीला बल्कहेड डेकच्या पृष्ठभागाखाली निदान ७६ मिलिमीटरवर काढलेली. ठरलेले कप्पे भरले तरी ही रेषा पाण्यात बुडता कामा नये, असा नियम. टायटॅनिकची सगळी गोष्ट तीन इंचांच्या या रेषेत भरून ठेवली आहे. १ जानेवारी २००९ पासून नव्या जहाजांसाठी संभाव्यतेवर आधारलेले हिशेब आले आणि ही रेषा मागे पडली. बल्कहेड डेक मात्र राहिला, आणि त्याच्या व्याख्येत आडभिंतींबरोबर जहाजाच्या बाहेरच्या कवचाचीही जलरोधकता आली.

हा विषय जुना झाला असे वाटू नये म्हणून रो-रो बोटींकडे पाहावे. मोटारी आणि ट्रक एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर जायचे, तर वाहनांच्या डेकवर मध्ये भिंत चालत नाही. म्हणून तो डेक साधारणपणे आडभिंतींच्या माथ्यावरच ठेवतात. खाली सारे कप्पे, वर सलग मोकळे मैदान. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली. पाणी खालच्या कप्प्यांत गेलेच नाही, ते वाहनांच्या डेकवर आले. परातीत पाणी घेऊन चालून पाहावे म्हणजे पुढचे कळेल : जरा कलले की सगळे पाणी त्या बाजूला धावते आणि कल वाढवते. बोट मिनिट-दीड मिनिटात आडवी झाली. १९३ माणसे मेली. २८ सप्टेंबर १९९४ रोजी बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’चा नाळेवरचा झडपेसारखा भाग वादळात तुटला आणि पाणी पुन्हा वाहनांच्या डेकवरच शिरले. तिथे ८५२ गेले. दोन्ही बोटींत पाणी आले ते आडभिंतींच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागेत.

त्यानंतर १९९६ मध्ये उत्तर युरोपातल्या देशांनी स्टॉकहोम करार केला. वाहनांच्या डेकवर ५० सेंटिमीटरपर्यंत पाणी साचले आहे असे धरून, अपघातात फुटलेली बोट उभी राहते की नाही याचा हिशेब त्यात मागितला आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली. मुंबई-रायगडच्या शाळांची सहल तिच्यावरून गेली, तर मुलांनी गाड्यांच्या डेकवर उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात : पायाखालचा पत्रा समुद्राच्या पातळीपेक्षा किती वर आहे, आणि त्या पत्र्यातून खाली जाणाऱ्या प्रत्येक दाराचा उंबरठा किती उंच आहे. घरच्या उंबऱ्यापेक्षा तो उंच का, हे मुलांनाच ठरवू द्यावे.